पन्नास खाटांचा निवारा आणि त्याचा हिशेब : गोव्यातील एका पालिका निवाऱ्याविषयी

गोव्यातील एका पालिकेच्या हद्दीत शहरी बेघरांसाठी चालणाऱ्या निवाऱ्याबद्दल हे लिहीत आहे. शहराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडल्या आहेत त्यांचा ठपका वरच्या टेबलापर्यंत न पोचता रात्रपाळीच्या केअरटेकरवर येईल, आणि या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत कमी दोष त्याचाच आहे. माझी नोकरीची हयात सरकारी लेखा खात्यात गेली, त्यामुळे कोणतीही सरकारी वास्तू पाहताना माझे लक्ष भिंतींपेक्षा वहीकडे आधी जाते. हा आढावाही त्याच नजरेने लिहिलेला आहे. बाजारातील एका बंद दुकानाच्या सोप्यावर झोपणारे एक वृद्ध गृहस्थ, एके काळी ट्रॉलरवर खलाशी असलेले, पावसाच्या तोंडावर तापाने फणफणले. त्यांना या निवाऱ्यात पोचवण्याच्या निमित्ताने माझी येथे ये-जा सुरू झाली आणि पुढे ती चालूच राहिली.

आधी जागेविषयी. इमारत चांगली आहे, हे निःसंकोच सांगतो. असे निवारे केंद्राच्या ज्या योजनेतून उभे राहिले त्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी माणशी किमान ५० चौरस फूट जागा ठरवून दिली आहे आणि येथील पुरुषांच्या दालनात ती बहुधा पाळली गेली आहे. खाटांमध्ये चालायला वाट आहे, खिडक्या समोरासमोर आहेत, प्रत्येक खाटेला कुलूप लावता येईल असा लोखंडी कप्पा आहे. बेघर माणसाला या कप्प्याचे मोल किती असते, हे तेथे गेल्यावर कळते. वृद्ध गृहस्थांनी पहिल्या रात्री औषधाच्या गोळ्यांआधी कप्प्याच्या किल्लीची चौकशी केली. न्हाणीघरात पाणी चोवीस तास असते, शौचालये सकाळी धुतलेली दिसतात. प्रथमोपचार पेटी भिंतीवर आहे आणि ती रिकामी नाही. सरकारी कार्यालयांतील अशा पेट्या मी आयुष्यभर उघडून पाहिल्या आहेत, म्हणून ही नोंद करावीशी वाटली.

स्वयंपाकघर मात्र नावापुरते आहे. ओटा आहे, सिलिंडर ठेवण्याची जागा आहे, पण गॅसची जोडणी चालू नसल्याने तेथे झाडू आणि फिनाईलचे डबे ठेवलेले असतात. रात्रीचे जेवण जवळच्या एका खानावळीतून येते. शीत म्हणजे भात, पातळ डाळ आणि एखादी भाजी असे ते असते, आणि खानावळवाल्याच्या मर्जीवर ते अवलंबून आहे. खानावळ बंद असेल त्या दिवशी पाव आणि चहा. मार्गदर्शक सूचनांत सामाईक स्वयंपाकाची सोय, भांडी आणि गॅसजोडणी यांचा स्पष्ट उल्लेख असताना ही स्थिती आहे.

खरी अडचण पावसाळ्यात उघडी पडते. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. धुतलेली चादर दोन दिवस ओलीच राहते. निवाऱ्याच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधलेल्या दोरीवर चादरी लटकत असतात, आणि केअरटेकर रात्री दहानंतर पायावर उभा राहणारा पंखा त्यांच्यासमोर आणून ठेवतो. त्यामुळे दालनातील एका कोपऱ्याला पंखा मिळत नाही. कोणत्या कोपऱ्याला मिळणार नाही, हे तो दररोज बदलतो. पांघरुणांना येणारा कुबट वास या उपायाने पूर्ण जात नाही, पण त्याच्या हातात दुसरे काही नाही. कपडे वाळवण्याचे यंत्र घेण्याचा प्रस्ताव गेला होता, त्यावर ‘निकषात बसत नाही’ असा शेरा आला, असे त्याने सांगितले. मला हे पटले, कारण बेघर निवाऱ्यांचे आपल्याकडील सारे धोरण उत्तर भारताच्या थंडीतून जन्मलेले आहे. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीतील एक तात्पुरता निवारा ऐन थंडीत हटवला गेला, प्रकरण न्यायालयांत गेले, आणि अन्नहक्काच्या चालू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना कायमस्वरूपी, चोवीस तास चालणारे निवारे उभारायला सांगितले. तेव्हापासून सरकारी मनात बेघर म्हणजे थंडीने कुडकुडणारा माणूस आणि मदत म्हणजे घोंगडी. गोव्यात थंडीने कोणी फारसे मरत नाही. येथे माणूस भिजतो, कुजतो, त्याच्या पायाला चिखल्या होतात, आणि त्याच्यासाठी कोरडा कपडा ही औषधाइतकी गरजेची वस्तू असते.

महिलांचे दालन वरच्या मजल्यावर आहे आणि त्याला बहुतेक वेळा कुलूप असते. रात्रपाळीसाठी महिला केअरटेकर नेमलेली नाही, म्हणून एकटी बाई किंवा मूल घेऊन आलेली बाई आली तर तिला दुसरीकडे पाठवण्यात येते. दुसरीकडे म्हणजे कुठे, याचे उत्तर व्यक्तीगणिक बदलते. कुटुंब आले तर नवऱ्याला खाली जागा मिळते, बायको आणि मुले बसस्थानकावर परततात, आणि अर्थातच नवराही त्यांच्यामागे जातो. महिला, कुटुंबे, निराधार वृद्ध, मानसिक आजाराचे रुग्ण आणि रुग्णालयातून सुटलेले अशक्त लोक यांच्यासाठी वेगळ्या सोयीची तरतूद मूळ योजनेत आहे. या इमारतीत मात्र फक्त पुरुषाची सोय होते. सेवा म्हणून गुण द्यायचे झाले तर माझ्या लेखी येथेच निम्मे गुण जातात.

आता पैशाकडे येतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात पन्नास जणांच्या निवाऱ्याच्या चालवण्याच्या खर्चासाठी वर्षाला ६ लाख रुपये, आणि तेही पाच वर्षांपर्यंत, असा हिशेब धरण्यात आला. केंद्र आणि राज्य यांचा वाटा आधी ७५:२५ होता, नंतर तो ६०:४० झाला. ६ लाखांचा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्याला पन्नासने भागले तर खाटेमागे वर्षाला १२ हजार, महिन्याला १ हजार आणि रात्रीला जेमतेम ३३ रुपये होतात. निवारा चोवीस तास चालवायचा तर आठ-आठ तासांच्या पाळीत तीन माणसे हवीत, असे त्याच सूचना सांगतात. महिन्याला ५० हजार हातात येतात असे धरले आणि तिघांना प्रत्येकी १२ हजार दिले, तर ३६ हजार तेथेच संपतात. उरलेल्या १४ हजारांत वीज, पाणी, सफाई, चादरी-गाद्यांची धुलाई, कीडनियंत्रण आणि किरकोळ दुरुस्ती बसवायची. शिवाय तीन माणसे आणि तीन पाळ्या या गणितात साप्ताहिक सुट्टी, आजारपण आणि सण यांना जागाच नाही, कारण त्यासाठी चौथा माणूस लागतो. वरच्या मजल्यावरचे कुलूप कशामुळे लागले, याचा उलगडा या साध्या भागाकारातून होतो. महिला केअरटेकर नेमणे कोणाच्या मनात नव्हते असे नाही, ती नेमण्याइतका पैसाच आराखड्यात नव्हता.

येणारा पैसाही वेळेवर येत नाही. निवारा चालवण्याचे काम निविदा काढून एका संस्थेला दिलेले आहे. राज्य पातळीवर या अभियानाची सूत्रे गोवा राज्य नगरविकास यंत्रणेकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘जीसुडा’कडे राहिली, आणि प्रत्यक्ष देखभाल पालिकेकडे. पैसा वरून हप्त्यांनी खाली येतो आणि मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला, वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. हा नियम स्वतःत वाईट नाही. मी स्वतः अशी प्रमाणपत्रे तपासत आलो आहे आणि ती नसती तर काय झाले असते याची मला पुरती कल्पना आहे. मात्र या साखळीत कोणताही एक कागद अडला की त्याची झळ शेवटच्या माणसाला बसते. मी पाहिले त्या वर्षी रात्रपाळीच्या केअरटेकरचा पगार चवथीच्या आधी झाला नाही. घरी गणपती असताना त्याने उसने पैसे घेऊन माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची आरास, बांधली आणि त्याच रात्री तो कामावर आला. असा माणूस नोकरी सोडून गेला तर निवाऱ्याचा दर्जा एका आठवड्यात कोसळेल, हे कोणत्याही तपासणी अहवालात लिहिलेले सापडणार नाही.

मूळ अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली, हेही लक्षात ठेवायला हवे. त्यानंतर अशा निवाऱ्यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यावर, पडतो आणि राज्याच्या अर्थसंकल्पात तो वेगळा दाखवला जातो की नागरी विकासाच्या एखाद्या मोठ्या रकमेत मिसळून टाकला जातो, यावर निवाऱ्याचे भवितव्य ठरणार आहे. वेगळे लेखाशीर्ष असले की खर्च न झालेली रक्कम दिसते, आणि विधानसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो. ते नसले की काहीच दिसत नाही.

देखरेखीचा भाग मला सर्वांत रोचक वाटला आणि सर्वांत त्रासदायकही. निवाऱ्यात दोन वह्या आहेत. एक राहणाऱ्यांची नोंदवही, दुसरी भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांची. पहिल्या वहीत नाव, वय, मूळ गाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि अंगठा किंवा सही असे रकाने आहेत. वृद्ध गृहस्थांना मी घेऊन गेलो तेव्हा त्यांच्याजवळ आधार कार्ड नव्हते. ते बोटीवरच कधीतरी पाण्यात गेले होते. केअरटेकरने त्यांना परत पाठवले नाही. ‘काका, तुम्ही आत चला, नाव लिहून घेतो,’ असे म्हणून त्याने नोंद केली, पण ओळखपत्राच्या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. मग माझ्याकडे पाहून तो म्हणाला, ‘येथे काय भरू, तुम्हीच सांगा. रिकामे ठेवले तर वरून विचारतात.’ शेवटी त्याने ‘प्रलंबित’ लिहिले. वही मागे चाळली तेव्हा तोच शब्द पानोपानी दिसला.

पुढे जे कळले ते असे. महिनाअखेरीस पालिकेकडे जो तक्ता जातो त्यात ‘लाभार्थी’ म्हणून फक्त ओळखपत्र असलेल्यांची संख्या धरली जाते. ‘प्रलंबित’वाले खाटेवर झोपतात, पाणी वापरतात, जेवतात, पण तक्त्यात उगवत नाहीत. त्यामुळे निवारा कागदावर अर्धा रिकामा दिसतो. अर्धा रिकामा दिसला की ‘येथे मागणी नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि त्या निष्कर्षाच्या जोरावर दुसरा निवारा, महिला केअरटेकर, गॅसजोडणी असे सगळे प्रस्ताव मागे पडतात. ज्यांना छपराची गरज सर्वांत जास्त आहे तेच मोजणीतून गळतात, आणि त्यांच्या गळण्याचाच पुरावा म्हणून उपयोग होतो. ज्याला घरच नाही त्याला आधार कार्ड कोणत्या पत्त्यावर मिळते, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सरकारला केला होता. तो प्रश्न या नोंदवहीपर्यंत पोचलेला नाही.

दुसऱ्या वहीत अधिकाऱ्यांचे शेरे आहेत. अक्षर वेगवेगळे, शेरा एकच : ‘स्वच्छता समाधानकारक’. भेटीच्या वेळा पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यानच्या, म्हणजे निवाऱ्यातील माणसे मजुरीला किंवा नाक्यावर गेलेली असतानाच्या. रात्री नऊनंतर कोणी आल्याची नोंद मला दिसली नाही. रिकाम्या दालनाची तपासणी करून पन्नास माणसांच्या सोयीविषयी मत देणे ही आपल्या प्रशासनाची जुनी हातोटी आहे. मी अधिकाऱ्यांना सरसकट दोष देत नाही. पालिकेच्या मुख्याधिकाऱ्याकडे कचऱ्यापासून बांधकाम परवान्यांपर्यंत सारे असते आणि निवारा त्या यादीत शेवटी येतो. पण म्हणूनच बाहेरची देखरेख हवी असते. बेघरांच्या निवाऱ्यांविषयीच्या ई. आर. कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती याच कारणाने. निवाऱ्यांची संख्या, त्यांची अवस्था आणि दिलेला पैसा खर्च का होत नाही, हे तिने पाहायचे होते. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याराज्यांत देखरेख समित्या नेमण्याचे आदेश झाले आणि त्यांत शासनाबाहेरच्या माणसालाही स्थान देण्यात आले. मी पाहिलेल्या भेटवहीत अशा कोणा बाहेरच्या सदस्याची सही नाही. व्यवस्थापन समितीचा फलक मात्र प्रवेशद्वाराशी लावलेला आहे. त्यावरील नावांपैकी दोघांना केअरटेकर ओळखतो.

गोव्याच्या रचनेमुळे या योजनेत आणखी एक गुंता आहे, जो मोठ्या राज्यांत इतका जाणवत नाही. एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, असा योजनेचा दंडक आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती आणि तिच्यापैकी ६२ टक्के शहरी, म्हणजे सुमारे ९ लाख. दंडक सरळ लावला तर नऊशे जणांची सोय हवी. पण ही ९ लाख माणसे एका महापालिकेत आणि तेरा पालिकांत मावत नाहीत. मुरगाव आणि मडगाव या आपल्या मोठ्या पालिकासुद्धा तेव्हा लाखाच्या आत होत्या. उरलेली शहरी लोकसंख्या पर्वरी, ताळगाव, कळंगुट, कांदोळी अशा गावांत आहे, जी जनगणनेच्या लेखी शहरे असली तरी कारभाराने पंचायती आहेत. अभियान सुरुवातीला एक लाखावरील शहरे आणि जिल्हा मुख्यालये यांच्यापुरते होते. त्या मापाने गोव्यातून पणजी आणि मडगाव एवढीच नावे पुढे येतात, आणि तीही मुख्यालये म्हणून. किनारपट्टीवर हॉटेले आणि शॅक यांमुळे कामगार येतो, हंगाम संपल्यावर काहीजण तेथेच अडकून पडतात, पण तेथे निवाऱ्याची जबाबदारी घेणारी पालिकाच नाही. या निवाऱ्यात भेटलेल्यांपैकी बरेचजण असेच किनाऱ्यावरून चालत किंवा बसने आलेले होते.

मोजणीची रात्रही अशीच. जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झाली आणि देशभरात १७.७ लाख बेघर नोंदले गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस गोव्यात आभाळ स्वच्छ असते, माणूस रेल्वेच्या फलाटावर, बाजाराच्या कट्ट्यावर, कुठेही झोपलेला सापडतो. जुलैत, मासेमारी बंद असताना आणि बांधकामे थांबलेली असताना, हाताला काम नसलेली माणसे कोणत्या जिन्याखाली बसून रात्र काढतात, हे त्या आकड्यावरून समजणार नाही. राज्याने स्वतंत्र सर्वेक्षण करायचे तर ते भर पावसात करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवाऱ्यातून पुढे जाण्याची वाट कशी आहे, हे थोडक्यात सांगतो. वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी गोव्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. वृद्ध गृहस्थांचे येथील वास्तव्य त्याहून कितीतरी जुने, पण ते बोटीवरचे आणि सोप्यावरचे, त्याचा दाखला कोण देणार? निराधार वृद्धांसाठी पोर्तुगीज काळापासून चालत आलेली प्रोव्हेदोरिया ही सरकारी साहाय्य संस्था आहे आणि तिचे वृद्धाश्रम आहेत. निवारा आणि प्रोव्हेदोरिया यांच्यात सरळ पत्रव्यवहाराची सोय असती तर अर्ज महिनोन्‌महिने फिरला नसता. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून सुटलेल्या रुग्णाला निवाऱ्यात पाठवतात तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी असते, पण पुन्हा तपासणीला नेण्याची जबाबदारी कोणावरच नसते. दुसरीकडे १९७२ चा भिकारी प्रतिबंधक कायदा अजून गोव्यात आहे, त्यामुळे पोलिसांची गाडी दिसली की निवाऱ्याच्या दारात बसलेली माणसेही उठून चालू लागतात. समाजकल्याण, आरोग्य, पोलीस आणि पालिका ही चार खाती एका खाटेभोवती उभी आहेत आणि चौघांच्या फाइली वेगळ्या.

एवढे असूनही, रस्त्यावर भिजणारा एखादा पुरुष तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला आपल्या शहरातील अशा निवाऱ्यात जरूर न्या. ओळखपत्र नसले तरी न्या, आणि नोंदवहीत त्याचे नाव लिहिले गेले आहे हे स्वतः पाहून मगच निघा. शक्य तो संध्याकाळी सातच्या आत पोचा, कारण जेवणाची संख्या तेव्हा कळवली जाते. सोबत एक कोरडा टॉवेल आणि साधी चप्पल द्या, या दोन वस्तू तेथे मिळत नाहीत. बाई किंवा मुले सोबत असतील तर आधी दूरध्वनी करून वरचे दालन उघडे आहे का ते विचारा. ज्यांना निवाऱ्याच्या कारभारात रस आहे त्यांनी माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून पालिकेकडे तीन गोष्टी मागाव्यात : राहणाऱ्यांच्या नोंदवहीतील एकूण रात्रींची संख्या, त्याच महिन्याच्या तक्त्यात दाखवलेल्या लाभार्थ्यांची संख्या, आणि भेटवहीतील शेऱ्यांच्या वेळांसह प्रती. मी माझ्या शहरात हा अर्ज दिलेला आहे. पहिली दोन उत्तरे आली आणि त्या दोन आकड्यांतील तफावत निम्म्याहून जास्त निघाली. तिसऱ्या प्रश्नासाठी मी प्रथम अपील दाखल केले असून त्याची सुनावणी व्हायची आहे.